खान्देशातली गाडी ट्रॅकवर न्यायची तर

आयोजकांकडं फी भरून आपलीच गाडी दिवसभर रेसिंगच्या ट्रॅकवर चालवायची, याला ट्रॅक डे म्हणतात. पण खान्देशात रेसिंगचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, कोइमतूरजवळ २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडात पाच किलोमीटरहून थोडं मोठं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठूनही निघा, यातलं प्रत्येक ठिकाण हजार किलोमीटरच्या पुढंच पडतं. धुळ्याहून सेंधव्यामार्गे जवळ आहे तो पिथमपूरचा नॅट्रॅक्स. तिथला २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक अप्रतिम आहे, पण तो वाहन चाचणीसाठी बांधलेला लंबगोल आहे. वळणाआधी ब्रेक कधी लावायचा, गाडी वळणात कशी घालायची, हे शिकायला सर्किटच लागतं.

म्हणजे आपली गाडी आधी हजार किलोमीटर हायवेवर चालणार, मग दिवसभर ट्रॅकवर पिळून निघणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाकांवर घरी परतणार. मुंबई-पुण्याचे हौशी लोक ट्रेलरवर गाडी नेतात, तशी सोय आपल्याकडं फार थोड्यांना परवडते. गाडीत काय बदलायचं आणि काय जसंच्या तसं ठेवायचं, हे मी कायम या एका गोष्टीवरून ठरवतो. आधी गाडी थांबली पाहिजे, मग तिनं रस्ता धरला पाहिजे, मग ती गार राहिली पाहिजे. पिकअप वाढवायचा विषय सगळ्यात शेवटी.

आपल्या भागात अस्सल टू-सीटर स्पोर्ट्स कार मोजक्याच. बहुतेक हौशी मंडळींकडं पोलो जीटी टीएसआय, आय-२० एन लाइन, व्हर्टस जीटी किंवा सेकंडहँड घेतलेली ऑक्टाव्हिया आरएस असते. ट्रॅक शिकायला या गाड्या उत्तम आहेत आणि खाली सांगितलेला क्रम या सगळ्यांना, अगदी महागड्या पोर्शेलाही, तसाच लागू होतो.

आधी गाडी नागवी करून बघा

कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा, चारही चाकं काढा आणि टॉर्च घेऊन तासभर खाली उभे राहा. आपल्या काळ्या मातीचा इथं पहिला हिशोब होतो. पावसाळ्यात शेतरस्त्यानं एकदा जरी गाडी गेली, तरी ती माती चाकाच्या आतल्या रिमवर, ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर आणि सस्पेन्शनच्या खाचांत जाऊन बसते आणि वाळली की कडक होते. रिमला आतून चिकटलेल्या ढेकळानं बॅलन्सिंग बिघडतं, ट्रॅकवरच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बेअरिंगला दोष देत बसतो. तेव्हा आधी खालून प्रेशरनं धुवून घ्या आणि मगच तपासा.

लोअर आर्मच्या बुशला चीर आहे का, बॉल जॉइंट हलतो का, शॉकअप ओला आहे का, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलं आहे का, हे बघा. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडं धरून हलवा. खडखड आली तर काम आहे. इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा. जिथून तेल पाझरतंय तिथं खडूनं खूण करा, कारण ट्रॅकवर तेल सांडलं तर मागून येणाऱ्या दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. जवळपास सगळे आयोजक गळती दिसली की गाडी आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच करतात.

जे झिजलंय ते कंपनीच्या मूळ पार्टनं बदला. झिजलेल्या बुशवर महागडे स्प्रिंग बसवण्यात अर्थ नाही. या टप्प्यावर झालेला खर्च दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही, पण गाडीचा ट्रॅकवरचा स्वभाव निम्मा इथंच सुधारतो.

ब्रेक

बाराशे किलोची गाडी १६० च्या वेगावरून ६० वर आणायची, तर ब्रेकला सुमारे एक मेगाज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तीन लिटर पाणी वीस अंशांवरून उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही, आणि ती चार-पाच सेकंदांत. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. मिनिटभरात पुढचं वळण येतं आणि पुन्हा तेच. शहरात किंवा हायवेवर ब्रेकला मध्ये गार व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर तो मिळत नाही. बिजासनी घाटात उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक का निकामी होतात हे ज्यानं बघितलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

ब्रेक दोन तऱ्हेनं दगा देतात. एक, पॅड त्याच्या सोसण्यापलीकडं तापतो आणि घर्षण कमी होतं. अशा वेळी पेडल कडक असतं, पण गाडी थांबत नाही. दुसरं, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. दुसरा प्रकार जास्त भयंकर. सुदैवानं त्याचा इलाज स्वस्त आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. बाटलीवर कोरडा आणि ओला असे दोन आकडे असतात ते हेच. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणं म्हणजे दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर उतरणं. डॉट ५.१ चा कोरडा आकडा किमान २६० आहे आणि मोतुल आरबीएफ ६०० सारख्या रेसिंगच्या डॉट ४ ऑइलचा ३१२. मी रेसिंगचं ऑइलच सुचवीन. फक्त ते रस्त्यावरच्या ऑइलपेक्षा लवकर बदलावं लागतं. आणि डॉट ५ या नावानं मिळणारं सिलिकॉनचं ऑइल आपल्या गाड्यांत कधीही घालू नका. नावातल्या एका टिंबाच्या फरकानं घोटाळे होतात.

ब्लीडिंगचं, म्हणजे नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा काढून नवं भरायचं काम जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या कुठल्याही जाणत्या मिस्त्रीकडं होतं, फक्त तुम्ही तिथं उभं राहायचं. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुतेक वेळा ते मागचं डावं चाक असतं, पण काही एबीएस गाड्यांचा क्रम निराळा असतो म्हणून मॅन्युअल बघून घ्या. तुम्ही सीटवर, मिस्त्री खाली. "दाबा भाऊ." पेडल सावकाश खाली. "धरा, सोडू नका." चाकापाशी ऑइल सोडायची जी निपल असते, तिच्यावर चढवलेल्या पारदर्शक नळीतून आधी काळपट तपकिरी ऑइल येतं, त्यात मोहरीएवढे बुडबुडे पळताना दिसतात. निपल बंद झाली की खालून आवाज येतो, "सोडा आता." निपल उघडी असताना पेडल सोडलं तर हवा उलट आत जाते, म्हणून ही हाकेची शिस्त मोडायची नाही. नळीत बुडबुडा दिसेनासा होऊन स्वच्छ पिवळसर ऑइल येईपर्यंत एकेक चाक करायचं आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतो. लगेच पाण्यानं धुवा.

आता पॅड. कंपनीचे पॅड सकाळी गार असताना पकडण्यासाठी आणि आवाज न करण्यासाठी बनवलेले असतात. ट्रॅकसाठी जास्त तापमान सोसणारे पॅड लागतात, पण पूर्ण रेसिंगचे नकोत. ते गार असताना नीट धरत नाहीत आणि आपल्याला त्याच गाडीनं बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक चुकवत परत यायचंय. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून विकले जाणारे मधले पॅड घ्या. निम्म्याहून जास्त झिजलेले पॅड घेऊन जाऊ नका. पॅड पातळ झाला की उष्णता सरळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण हौशी ट्रॅकसाठी साध्या, चांगल्या कंपनीच्या डिस्क जास्त टिकतात, कारण तापून-गारठून चिरा आधी त्या भोकांपासूनच सुरू होतात.

नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घ्यावे लागतात. त्यासाठी वेगातून पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक लावावे लागतात आणि ते सुरत-नागपूर हायवेवर करायचं काम नाही. रस्त्यावर दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि उरलेलं काम ट्रॅकच्या पहिल्या सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या पहिल्या पाळीत, हळूहळू जोर वाढवत करा.

टायर आणि हवा

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२३ म्हणजे २०२३ सालातला तेविसावा आठवडा. आपल्याकडं गाडी उन्हात उभी राहते, एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि रबर वयापेक्षा आधी म्हातारं होतं. नक्षी खोल दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. चार-पाच वर्षं जुना टायर गावात फिरायला चालेल, ट्रॅकवर नको.

नवे घ्यायचे तर मिशलिन पायलट स्पोर्ट ४ सारखा रस्त्याचाच उत्तम टायर घ्या. सेमी-स्लिकचा, म्हणजे नक्षी अगदी कमी असलेल्या ट्रॅकच्या टायरचा मोह होतो. पण ते लवकर झिजतात, पावसात पाणी कापत नाहीत, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नईकडं परतीचा पाऊस असतो. शिवाय शिकणाऱ्याला रस्त्याचा टायर जास्त शिकवतो, कारण पकड सुटायच्या आधी तो ओरडून सांगतो आणि सुटतो तोही हळूहळू.

हवेकडं मात्र जितकं लक्ष द्याल तितकं कमी. टायर दहा अंशांनी तापला की साधारण दीड पीएसआय दाब वाढतो. जानेवारीत पहाटे जळगावात दहा-बारा अंश असताना हवा भरून निघालात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीस अंशांच्या चेन्नईत पोहोचलात, तर ट्रॅकवर एक चक्करही न मारता तीन पीएसआय वाढलेले असतात. म्हणून घरून कंपनीनं सांगितलेली हायवेची हवा ठेवा आणि ट्रॅकची हवा ट्रॅकवरच, सकाळी गार टायरमध्ये भरा. पुढच्या चाकांना ३० पासून सुरुवात केली तर चार-पाच जोरदार चकरांनंतर ती ३६-३७ होते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबायच्या जागेत, आल्या आल्या मोजा, चारही आकडे वहीत लिहा आणि ज्याचा जास्त झालाय त्याची हवा कमी करा. डावी-उजवी बाजू सारखी तापत नाही. ज्या दिशेची वळणं जास्त, त्याच्या विरुद्ध बाजूचे टायर जास्त तापतात.

किती हवा बरोबर हे शोधायला खडू पुरतो. टायरच्या नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूचे तीन-चार जाड पट्टे ओढा आणि चार चकरा मारून या. बहुतेक टायरच्या भिंतीवर छोटा त्रिकोण असतो. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर हवा ठीक, त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा वाढवा. नक्षीच्या कडेवरचा खडू तसाच राहिला तर हवा जास्त आहे. परत निघायच्या आधी टायर गार झाल्यावर हायवेची हवा पुन्हा भरायची. थकलेला माणूस हे हमखास विसरतो, म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानंच आवळा. पोलोला १२० न्यूटन मीटर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पंक्चरवाल्याच्या न्यूमॅटिक गननं आवळलेला बोल्ट कधी दुप्पट घट्ट असतो, कधी सैल. पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की पुन्हा एकदा तपासा.

गार राहणं

एका गोष्टीत खान्देशचा माणूस पुढं आहे. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात एसी लावून अर्धा तास जागेवर उभी राहून जी गाडी तापत नाही, तिची कूलिंग सिस्टीम तब्येतीनं ठणठणीत आहे. पण डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः फोक्सवॅगनमध्ये, पाणी ८० अंशांचं असो की १०५ चं, काटा ९० वरच बसून राहतो. गाडीच्या तपासणीच्या ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र स्वस्तात मिळतं. मोबाइलवर खरं तापमान बघा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपलं बोअरचं पाणी जड आहे, घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर साचतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतो. कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कूलंटच्या टाकीचं झाकण जुनं असेल तर बदला. ते सिस्टीममध्ये दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळंच पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. पातळ रबर असलेलं साधं झाकण पण काम मोठं.

कापसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून पुढं, आणखी एक गोष्ट बघायची. जिनिंगच्या परिसरातून रोज जाणाऱ्या गाडीच्या एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कापसाचे तंतू, धूळ आणि किडे मिळून एक चटई तयार होते. समोरून जाळी स्वच्छ दिसते. बंपर काढून, इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या दाबानं पाणी मारलं की ती सुटते. जोराचं प्रेशर मारलं तर अॅल्युमिनियमच्या पाकळ्या दुमडतात आणि होतं त्यापेक्षा वाईट होतं.

एअर फिल्टर कागदी, मूळ कंपनीचाच ठेवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदला. तेल लावलेले कापडी फिल्टर श्वास मोकळा देतात हे खरं, पण बारीक धूळही जास्त सोडतात, आणि आपल्याकडं उन्हाळाभर हवेत जी धूळ असते ती इंजिनच्या सिलिंडरला सँडपेपरच्या जवळ जाते.

इंजिन ऑइल ट्रॅकच्या आधी बदला, जुनं पाच हजार किलोमीटरच चाललं असलं तरी. मॅन्युअलमध्ये ३० आणि ४० अशा दोन्ही ग्रेड चालत असतील तर ४० घ्या. गरम झाल्यावर त्याची चादर जाड राहते. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपाशी ठेवा, खुणेच्या वर नाही. लांब वळणात ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, एका बाजूला पळतं आणि पातळी कमी असली तर पंप क्षणभर हवा ओढतो. बेअरिंग जायला तो क्षण पुरेसा असतो. पेट्रोलचंही तसंच, टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

डीएसजीवाल्यांनी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक असलेल्यांनी, आपला गिअरबॉक्स कुठला हे जाणून घ्यावं. पोलो जीटी टीएसआय आणि व्हर्टस जीटीतला सात गिअरचा डीक्यू-२०० कोरड्या क्लचचा आहे. पिटमधून निघताना, रांगेत इंच-इंच सरकताना तो तापतो. त्यामुळं रांगेत असताना न्यूट्रल. जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमधला सहा गिअरचा डीक्यू-२५० ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचचा आहे, त्याचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत ते कधी बदललं याचं बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरून चाला.

शॉकअप आणि अलाइनमेंट

इथं संयम पाळा. गाडी फार खाली घेतली तर आपल्या स्पीडब्रेकरवर ऑइल संप आपटेल, आणि पुढच्या सस्पेन्शनची भूमितीही बिघडते. मूळ शॉकअप चांगले असतील तर पहिलं वर्ष तसंच काढा. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचं ट्रॅकवरचं खरं दुखणं म्हणजे पुढच्या टायरची बाहेरची कड खाल्ली जाणं. चाकं वरून थोडी आत झुकवली, म्हणजे दीड ते दोन अंशांचा निगेटिव्ह कॅम्बर दिला, की वळणात पूर्ण टायर रस्त्याला टेकतो. बऱ्याच गाड्यांत कंपनीनं ही सोय दिलेली नसते; त्या गाडीसाठी बनलेले कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या प्लेट लागतात. टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, मात्र शून्याच्या जवळ ठेवा, नाहीतर जायच्या-यायच्या अंतरातच टायरची आतली कड संपेल. अलाइनमेंट लेझर मशीनवर, अर्धी टाकी आणि ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना करून घ्या आणि आधीचा-नंतरचा प्रिंट मागून घ्या. "झालं साहेब" या दोन शब्दांवर पैसे देऊ नका.

कुठलं काम कुठं करायचं

जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीत हात असलेले कारागीर आहेत. ट्रॅक्टर, जिनिंगची मशीनं, दालमिलचे शाफ्ट, पाइपाचे साचे सांभाळणारी ही माणसं. अडकलेला बोल्ट काढणं, प्रेसवर बुश दाबणं, इंजिनखाली जाड पत्रा बसवणं, ब्रेककडं हवा नेणाऱ्या नळीचा कंस बनवणं, ही कामं ते पुण्याच्या नावाजलेल्या वर्कशॉपइतकीच नीट करतात आणि समोर बसून करून देतात.

पण तीन कामं त्यांच्याकडून करून घेऊ नका, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी. लेथवर कातून घेतलेले व्हील स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला मागं घालायच्या चकत्या, नकोत. जेसीबीचे हायड्रॉलिक होज क्रिंप करणाऱ्याकडून ब्रेकचे पाइप बनवून घेऊ नका. तो क्रिंप उत्तम करतो, पण ब्रेकचा पाइप त्या गाडीसाठी तपासून प्रमाणित झालेलाच हवा. आणि ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडं आपला रेडिएटर अॅसिडनं साफ करायला देऊ नका. त्याचा हात पितळ-तांब्यावर बसलेला असतो. आपला अॅल्युमिनियमचा, वर प्लॅस्टिकची टाकी असलेला, अॅसिडनं कुरतडला जातो.

कायदा आणि इन्शुरन्स

सराव गावाबाहेरच्या बायपासवर किंवा कन्नड घाटात करायचा नाही, हे मी पोटतिडकीनं सांगतो. तिथं दूधवाला असतो, ऊसतोड मजुरांची गाडी असते, शाळेची पोरं असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला पहिल्या गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, आणि आपल्याला रस्त्यावरूनच जायचंय. पॅड, ऑइल, त्याच मापाचे चांगले टायर, अलाइनमेंट यात अडचण येत नाही. सायलेन्सर कापणं, मडगार्डच्या बाहेर येणारे टायर, सीट काढून टाकणं यात येते.

गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपला, हे घरी बोलून मगच फी भरा.

ट्रॅकवरचा दिवस

आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा आणि झोप काढा. सकाळी गाडी रिकामी करा: स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशवरचा गणपती, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट आधी काढा. ते सरकून ब्रेक पेडलखाली गेल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत. टूलकिटमधला टो-हुक पुढं बसवून ठेवा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, घरीच एकदा लावून बघा. हेल्मेटबद्दल आयोजकांना आधी विचारा. कारसाठीच्या स्नेल एसए दर्जाच्या हेल्मेटचं अस्तर आग सोसतं, मोटारसायकलच्या हेल्मेटचं तसं नसतं.

पहिला सेशन फक्त ओळख करून घ्यायचा. पिवळा झेंडा म्हणजे धोका, वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सेशन थांबला, सावकाश पिटमध्ये. एसी बंद, सुरुवातीला चार-पाच जोरदार चकरा आणि मग एक पूर्ण चक्कर शक्यतो ब्रेक न लावता गार करायची. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. लालबुंद तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिला की त्या जागी त्याचा थर बसतो आणि पुढं पेडल धडधडतं. चाकाला गुटका लावा, टर्बो गार होईपर्यंत दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये इंजिन चालू राहू द्या आणि बॉनेट उघडा. मॅन्युअल गाडी इंजिन बंद केल्यावर गिअरमध्ये ठेवा.

पेडल आधीपेक्षा खोल जातंय असं वाटलं तर त्या दिवशीचं ट्रॅकचं काम तिथंच थांबवायचं किंवा तिथंच ब्लीडिंग करायचं. यात दुसरा विचार नाही. ऑइलचं तापमान दिसत असेल तर १३० च्या वर गेलं की पाय काढा. आणि स्वतःही पाणी प्या. दुपारनंतरच्या चुका बहुतेक वेळा गाडीच्या नसतात, थकलेल्या माणसाच्या असतात. शेवटचा सेशन सोडून दिलेला बरा, कारण पुढं हजार किलोमीटर आहेत.

सोबत न्यायचं सामान: जुने पण निम्मे उरलेले रस्त्याचे पॅड, इंजिन ऑइलचा एक लिटर, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, नळी, टॉर्क पाना, चांगला प्रेशर गेज, छोटा कॉम्प्रेसर.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत गाडी पुन्हा लिफ्टवर. डिस्कच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा असतील तर चालतील. एखादी चीर कडेपर्यंत पोहोचली असेल तर डिस्क बदला. कॅलिपरच्या पिस्टनवरचं रबर करपलंय का, पॅड काचेसारखा गुळगुळीत झालाय का, टायरची कड किती गेली, हे बघा. ब्रेक ऑइल पुन्हा ब्लीड करा, इंजिन ऑइल बदला. चाक हातानं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. सगळं वहीत तारखेसह लिहा, कारण पुढच्या वेळी टायरची हवा किती ठेवायची याचं उत्तर त्याच वहीत असतं.

आता पिकअप

इतकं सगळं झालं, दोन-तीनदा ट्रॅकवर जाऊन आलात, आणि सरळ पट्ट्यावर खरोखर पॉवर कमी पडतेय असं वाटलं, तरच रीमॅपचा विचार करा. टर्बो गाडीत सॉफ्टवेअर बदलून ताकद चटकन वाढते, त्यामुळं सगळ्यांना सुरुवात तिथूनच करायची असते. पण डीक्यू-२०० गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटर आहे आणि व्हर्टसचं १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० देतं. तिथं शिल्लक काही उरलेलीच नाही. मॅन्युअल गिअरमध्ये पुढचा बळी क्लच असतो.

शिवाय आपल्या उन्हात टर्बोत जाणारी हवाच तापलेली असते. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी पेटणं, टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशनचं टायमिंग मागं घेतो आणि कागदावर वाढलेली पॉवर तिसऱ्या चकरेपासून उतरू लागते. म्हणून रीमॅपच्या आधी टर्बोची हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, आणि ट्यूनरला सांगा की मॅप एप्रिलच्या दुपारी खान्देशात मिळणाऱ्या पेट्रोलवर चालला पाहिजे. पॉवर मोजणाऱ्या डायनो यंत्रावरचा आधीचा आणि नंतरचा आलेख घ्या, ईसीयूतली मूळ फाइल स्वतःकडं जपून ठेवा. वॉरंटी बाकी असेल तर ती संपेपर्यंत थांबा. तेवढ्या काळात त्याच पैशात टायरचा नवा सेट आणि दोन ट्रॅक डेची फी निघते, आणि चकरेची वेळ त्यानं जास्त उतरते.